चव्वेचाळीस अंश

कानाच्या भोकापुढच्या उंचवट्यावर एक निळी टिकली,
मानेच्या मुळाशी बोटाला टोचतो त्या मणक्यावर दुसरी.
बाजूने फोटो. रेघ. कोन.
चव्वेचाळीस.
"पन्नासच्या आसपास हवा," मी म्हटलं.
"शाळेतही एवढेच पडायचे," बिशोय म्हणाला.

वय तेवीस. मनगटाच्या आत गोंदलेला छोटा क्रूस.
मन्शियात मोबाइल दुरुस्तीचं दुकान.
दुकान कसलं, जिन्याखालचा कोनाडा:
भिंग, सोल्डरिंगची सळई, पिवळा दिवा,
आणि त्याखाली रोज दहा तास ही मान.
मान मोडून काम करणं म्हणतात,
ते इतकं शब्दशः मी पाहिलं नव्हतं.
संध्याकाळी डोकं ठणकतं, डाव्या करंगळीत मुंग्या.

आई बाहेरच्या खुर्चीतून ओरडून सांगते,
"याचा बाप बंदरावर पोती वाहायचा, डॉक्टर,
मानेवर दोन-दोन, तरी चालायचा खांबासारखा.
याला फक्त स्वतःचं डोकं उचलायचंय!"
मी तिला सांगत नाही
की पोतं संध्याकाळी उतरवता येतं.

उताणा झोप.
मानेखाली रक्तदाबाचा पट्टा, काटा वीसवर.
आता मानेनं हो म्हण,
पण शेजारच्यालाही कळू नये इतकंच.
बावीसवर आण. धर. दहा मोज.
काटा थरथरतो, उडी मारून अठ्ठावीसवर,
गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या दोऱ्या ताठ.
"यांना मध्ये घेऊ नकोस. हे आरडाओरडा करणारे.
काम करणारे आत आहेत, हाडाला चिकटून."
"मोठ्या शोरूमसारखंच," तो छताला म्हणतो.

मग माझी बोटं त्याच्या कवटीच्या कडेखाली.
ओढत नाही, दाबत नाही, थांबते.
खाली ट्राम जाते, चष्म्याच्या दुकानाचं शटर पडतं.
तिसऱ्या मिनिटाला डोकं माझ्या तळव्यांत जड होतं.
एवढं जड, की दरवेळी
कुणीतरी काहीतरी ठेवायला दिल्यासारखं वाटतं.

चौकटीत हात टेकव, छाती उघड.
लाल रबरी पट्टी कडीला, कोपरं मागे.
भिंतीला पाठ, हनुवटी आत.
आत म्हणजे खाली नव्हे रे,
ड्रॉवर ढकलतात तशी, सपाट मागे.
"दुहेरी हनुवटी दिसते."
दिसू दे. लग्न भिंतीशी नाही करायचंय.

भिंगाखाली बिस्किटांचे डबे ठेवलेस?
दोन ठेवले.
अर्ध्या तासानं उठतोस?
विसरतो.

सहाव्या आठवड्यात अठ्ठेचाळीस.
आईनं बाहेरूनच जिभेनं आनंदाची किलकारी मारली.

सातव्याला आला तो डोळे लाल घेऊन.
म्हणाला, "पाच वर्षं मी गिऱ्हाइकं हातांवरून ओळखायचो.
मेंदीचे, ग्रीसचे, नखं खाल्लेले.
टेबल उंच झालं आणि तोंडं दिसायला लागली.

एक बाई येते. अंगठ्यात पुरुषी अंगठी,
सैल, दोरा गुंडाळून घट्ट केलेली.
तीनदा आली, तीनदा मी फोनलाच सांगितलं,
बोर्ड गेलाय, होणार नाही, नवीन घ्या.
परवा वर बघितलं.
तिला फोन नकोच होता.
आत नवऱ्याचा आवाज होता, नऊ सेकंद,
'येताना लिंबं आण,' एवढाच."

"मग?"
"मग डबे काढले. भिंग खाली घेतलं.
दोन रात्री."

टिकल्या. फोटो. रेघ.
पंचेचाळीस.
माझं तोंड उघडलं होतं, हनुवटी, म्हणायला.
"मिळाला?" हेच बाहेर पडलं.

त्यानं हो म्हटलं, मानेनं,
शेजारच्यालाही कळू नये इतकंच.
दोऱ्या ताठ झाल्या नाहीत.

"किती आला?" बाहेरून आई.
मी कागदावर आकडा लिहिला.
पट्टी घरी विसरू नकोस म्हटलं, मंगळवारी साडेचार.